पांढरीत सापडलेली काळी

"अगं, राख गाळतीस व्हय? च्या हाय का ती?" आत्यानं विचारलं, आणि त्या क्षणी माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. मे महिन्याची सकाळ. अंगणात दोन बादल्या, एक घमेलं, वहिनीनं नाखुशीनं दिलेली जुनी ओढणी, आणि अंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीतली आठवडाभराची राख. मी आधी फोन करून ती टाकू नका म्हणून बजावलं होतं. पुण्याहून माणूस राखेसाठी येतं हे आत्याला अजून पटलेलं नव्हतं.

कृती सोपी आहे. राख मूठमूठ बादलीत सोडायची, हातानं हलकेच ढवळायचं, क्षणभर थांबायचं. माती, खडे, जड राख तळाला बसते आणि पाण्यावर काळी साय धरते. ती साय दुसऱ्या बादलीवर बांधलेल्या ओढणीतून ओतायची. ओढणीत अडकेल ते सावलीत वाळवायचं. उन्हात ठेवायचं नाही; घाईनं वाळलं की कोळशाला तडे जातात आणि नाजूक दाण्यांचा चुरा होतो. उत्खननावर काम करणारी मंडळी हेच करतात आणि त्याला फ्लोटेशन म्हणतात. त्यांच्याकडे ओढणीच्या जागी पाव-अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रांची जाळी असते, बादलीच्या जागी पंप जोडलेलं पिंप असतं. कोळसा झालेला दाणा पाण्याहून हलका, एवढ्या एका गोष्टीवर सगळा कारभार चालतो.

संध्याकाळी वर्तमानपत्रावर पसरलेला ऐवज मी भिंगाखाली घेतला. कोळशाचे बारीक तुकडे, काडाची दोन-चार पेरं, गवताचं बी भरपूर, बाभळीचं एक बी. ज्वारीचे सहा दाणे. त्यांतला एक फुलून लाही झालेला. आणि काळ्या चकचकीत टिकल्यांसारखं काही बी, जे पाहून मी हरखले, कारण त्याच्याइतकं सुबक जळालेलं दुसरं काहीच नव्हतं. आत्यानं ते चिमटीत धरलं. "हे तांदुळजाचं. जळलंय कुठं? ते काळंच असतंय." नखानं फोडलं तर आत पांढरंशुभ्र. परवा-तेरवाचं बी, वाऱ्यानं राखेत पडलेलं. हा चकवा नवशिक्या पुरावनस्पतीशास्त्रज्ञांना पहिल्याच महिन्यात बसतो असं वाचलं होतं. मला पहिल्याच दिवशी बसला.

पण माझं लक्ष वेधलं ते नसलेल्या गोष्टीनं. गव्हाचा एकही दाणा नव्हता. आत्याच्या घरी रात्री रोज पोळ्या होतात, वर्षाकाठी काही पोती गहू लागतो. तो पाखडलेला येतो, गिरणीतून पीठ होऊन परत येतो आणि गॅसवर भाजला जातो. त्याचा आणि चुलीचा संबंधच येत नाही. तीन हजार वर्षांनी कुणी हे अंगण खणलं आणि ही राख गाळली, तर नोंद होईल: येथील रहिवासी ज्वारी खात, गहू त्यांना ठाऊक नसावा.

*

आपल्याकडे गावच्या जमिनीचे जुने दोन भाग: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची, पांढरी म्हणजे राहायची. काळीला तिचा रंग निसर्गानं दिलाय, बसाल्टच्या झिजेतून. पांढरीला तो माणसाच्या राहण्यानंच येतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, विरघळलेल्या मातीच्या भिंती, शेण, हाडं, उकिरडे असं सगळं एकावर एक बसत जातं आणि जमीन करडी-पांढरी, भुसभुशीत होते. गाव उठून गेलं तरी टेकाड राहतं. पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरभरून काळीत नेण्याची चाल तर कालपरवापर्यंत होती. महाराष्ट्रातली कितीतरी प्राचीन वसतिस्थानं अशीच शेतात विरून गेली, आणि ज्यांनी ती नेली त्यांना त्यात वावगं काही वाटायचं कारणही नव्हतं. माती चांगलीच होती.

प्राचीन शेतीचा अभ्यास म्हणजे पांढरी खणून काळी शोधणं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेत सहसा सापडत नाही. ते नांगराखाली आहे, नाहीतर नदीनं नेलंय. सापडतं ते घर, आणि घरातली चूल. शेतातून खळ्यावर, खळ्यावरून अंगणात, अंगणातून चुलीत असा प्रवास करून जे दाणे चुकून जळाले आणि जळूनही राख झाले नाहीत, तेवढेच हाती लागतात.

दाणा उघड्या ज्वाळेत पडला तर त्याची राखच होते. पण निखाऱ्याखाली, राखेच्या पांघरुणात, हवा पुरेशी न मिळता तो तापत राहिला तर त्याचा कोळसा होतो. आकार बराचसा तसाच राहतो. कोळशात जिवाणूंना खाण्याजोगं काही उरत नाही, कीड लागत नाही, बुरशी धरत नाही. शेजारच्या मडक्यात नीट साठवलेलं धान्य दोन-तीन पावसाळ्यांत नाहीसं होतं आणि चुलीत सांडलेलं हजारो वर्षं टिकतं. तेलबिया मात्र तापल्या की फुटतात, त्यामुळे तीळ-कारळं क्वचित दिसतात. पालेभाज्या आणि कंदमुळं जवळपास नाहीतच. म्हणजे त्या काळच्या ताटातली भाकरी थोडीफार दिसते, आमटी अंधुक दिसते, भाजीच्या जागी मोकळं ताट.

तरी कधी कधी अनपेक्षित दान पडतं. नेवाशाच्या ताम्रपाषाणयुगीन थरात एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या भोकांत दोरा शिल्लक होता, कारण तांब्याच्या क्षारांनी जिवाणूंना जवळ येऊ दिलं नव्हतं. तपासणीत तो रेशमाचा निघाला, सोबत कापसाचे तंतू. घोड नदीवरच्या चांडोलीलाही असाच मण्यांतला दोरा सापडला, तो जवसाच्या खोडापासून काढलेल्या तंतूंचा. दोन्ही अहवाल १९६१ साली डेक्कन कॉलेजनं छापले. (इथेच सांगून टाकते: जवस वेगळं, जव वेगळा. पुढे जव पुष्कळदा येणार आहे आणि तो चटणीतला नव्हे.)

*

जगात प्राचीन दाणे अभ्यासायच्या या विद्येची सुरुवात पाण्यामुळे झाली. १८५३-५४च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिक सरोवराचं पाणी खूप खाली गेलं आणि तळाच्या चिखलात जुन्या वस्तीचे लाकडी खांब उघडे पडले. चिखलात हवा नाही, म्हणून धान्य, फळं, बिया टिकून होत्या. ओस्वाल्ड हेर या वनस्पतीशास्त्रज्ञानं त्यांचा अभ्यास करून १८६५ साली पुस्तक लिहिलं. आपल्याकडे तसा चिखल नाही. दख्खनची माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. परागकणसुद्धा तीत धड टिकत नाहीत. आपल्या वाट्याला आला तो कोळसा.

भारतात या कामाचा पाया घातला तो लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या विष्णू-मित्रे यांनी. नर्मदेकाठी, महेश्वरच्या समोरच्या तीरावर नावडातोली आहे. डेक्कन कॉलेजातले पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि त्यांचे सहकारी तिथे खणत होते. तिथल्या दाण्यांचा अभ्यास विष्णू-मित्रे यांनी केला: गहू, तांदूळ, मसूर, मूग, उडीद, वाटाणा, लाख, जवस, बोर, आवळा. यादी वाचून आजच्या वाण्याच्या दुकानात उभं राहिल्यासारखं वाटतं. पण ते १९५०चं दशक होतं. माती पाण्यात कालवून बघायची रीत उत्खननांमध्ये रुजली ती १९६८ साली स्टुअर्ट स्ट्रुव्हर या अमेरिकी पुरातत्त्वज्ञानं तिच्यावर लेख लिहिला त्यानंतर. तोवर खणताना डोळ्यांना जे दिसेल ते उचललं जाई. डोळ्यांना गहू दिसतो, वाटाणा दिसतो. वरी-सावा-राळ्याचा मिलिमीटरभर दाणा मातीच्या ढिगाऱ्याबरोबर घमेल्यातून बाहेर जातो. गरिबाचं धान्य इतिहासातून गळायला हेही एक कारण झालं.

डेक्कन कॉलेजात पुढे हे काम मुकुंद काजळे यांनी हाती घेतलं. भोकरदन, नेवासा, दायमाबाद अशा कितीतरी ठिकाणचे दाणे त्यांनी तपासले. त्यांतलं सगळ्यात मोठं काम इनामगावचं.

*

इनामगाव पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोडच्या काठी. पर्जन्यछायेचा मुलूख. आज धरणाच्या पाण्यावर चहूकडे ऊस दिसतो म्हणून फसायला होतं. मूळचा हा शाळूचा टापू. १९६८ ते १९८३ इतका दीर्घ काळ डेक्कन कॉलेजनं इथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी सिद्ध केलेला अहवाल १९८८ साली निघाला. सव्वाशेहून जास्त घरं उघडी झाली. थराथरात धन सापडावं तसं इथे काही नव्हतं. चुली होत्या, धान्य साठवायची पेवं होती, कणग्या ठेवायच्या ओट्यांच्या खुणा होत्या, आणि घराच्या जमिनीखाली पुरलेली मुलं होती, दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांच्या आत ठेवलेली. मोठ्यांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले. मेलेल्यानं गाव सोडून जाऊ नये म्हणून असेल, असा तर्क केला गेला.

वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७००. तिचे तीन टप्पे पाडतात: माळवा, मग पूर्व जोर्वे, मग इ.स.पू. १०००च्या पुढचा उत्तर जोर्वे. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातल्या गावाचं नाव. तिथे पहिल्यांदा ओळखू आलेल्या मडक्यांवरून अख्ख्या संस्कृतीला ते चिकटलं.

इनामगावचं मुख्य पीक होतं जव. ज्याला आपण सातू म्हणतो तो. सोबत गहू, मसूर, वाटाणा, वाल, कुळीथ. रानातली बोरं तर हवी तेवढी. या यादीत दोन वेगवेगळे प्रवास एकत्र आले आहेत. जव, गहू, मसूर, वाटाणा हे मुळात पश्चिम आशियातले, हिवाळी पावसावर वाढणारे. दख्खनेत हिवाळ्यात पाऊस नाही. पण काळी जमीन पावसाळ्याचं पाणी पोटात धरून ठेवते आणि त्या ओलीवर, दवावर रब्बी निघते. परदेशी हिवाळी पिकाला इथे थारा दिला तो या काळ्या मातीनं. कुळीथ मात्र अस्सल इथला. दक्षिण भारतात मूग आणि कुळीथ माणसाळवले गेले, कर्नाटक-आंध्रच्या नवाश्मयुगीन राखेच्या ढिगांजवळच्या वस्त्यांत त्यांचे दाणे मुबलक मिळतात. कुळथाचं पिठलं ही आपल्या ताटातली बहुधा सगळ्यात जुनी स्थानिक गोष्ट असेल, आणि तिला पाहुण्यांपुढे ठेवायला आपण लाजतो.

आणि ज्वारी? हे मी एकदा कौटुंबिक जेवणात सांगून पाहिलं आणि दोन काका नाराज झाले. ज्वारी आफ्रिकेतली. पूर्व सुदानमधल्या कसाला भागात इ.स.पू. चौथ्या सहस्रकातल्या मडक्यांच्या मातीत ज्वारीच्या कोंड्याचे ठसे मिळाले, त्यांत माणसाळलेल्या ज्वारीची लक्षणं दिसली. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली, मालीमध्ये इ.स.पू. २५००च्या सुमाराचे पुरावे आहेत. नाचणीही पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातून आलेली. तिन्ही समुद्रमार्गानं किंवा किनाऱ्याकिनाऱ्यानं भारतात पोहोचल्या. नेमक्या कधी, यावर वाद आहे आणि तो वाद दाण्यांच्या ओळखीचाच आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले डोरियन फुलर यांनी भारतातल्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा नाचणी म्हणून नोंदवलेले कितीतरी दाणे भलत्याच गवतवर्गीय धान्यांचे, सालासकट जळालेले निघाले. ज्वारी-बाजरीच्या जुन्या नोंदीही मोजक्या दाण्यांवर उभ्या आहेत. इनामगावच्या काळीत जव होता तिथे आज शाळू आहे, एवढं नक्की. जमीन तीच, ओल तीच, हंगाम तोच. फक्त पीक बदललं.

मग भाकरी कशाची होत असेल? मी आरोग्य-पदार्थांच्या दुकानातून जवाचं पीठ महागात विकत घेऊन गेले होते, ते आत्यापुढे ठेवलं. तिनं वास घेतला, कोमट पाण्यात मळलं, परातीत थापायला घेतलं. कडा फाटायला लागल्या. "ह्याला इरी नाही," ती म्हणाली, पाण्याचा हात लावत राहिली आणि शेवटी ओंजळीएवढीच एक जाड भाकरी तव्यावर टाकली. चव बरी होती, किंचित गोडसर. कोंडा दातात अडकत होता. जवाचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं, ते उखळात कांडूनच निघतं, आणि तरी पुरतं निघत नाही. इनामगावच्या बायकांचे खांदे कसे असतील याचा विचार मी भाकरी संपेपर्यंत करत होते. कदाचित त्या भाकरी थापतच नसतील, भरडून घाटा शिजवत असतील. मडकी तर भरपूर सापडली आहेत.

*

दाणा ओळखणं हे अर्धंच काम. तो चुलीत कसा आला हे उरलेलं अर्धं, आणि इथे शास्त्रज्ञांना शेतकऱ्याच्या अंगणात येऊन बसावं लागलं. गॉर्डन हिलमन तुर्कस्तानात आणि ग्लिनिस जोन्स ग्रीसच्या अमोर्गोस बेटावर खळ्यांवर बसून राहिले आणि मळणीच्या प्रत्येक पायरीला काय मागे राहतं, काय पुढे जातं, ते मोजत गेले. आत्याला मी हे सांगितलं तेव्हा तिचा प्रश्न होता: हे बघायला तेवढ्या लांब कशाला जायचं?

तिच्याकडून ऐकलं ते असं. पात मळली की वारं द्यायचं: पाटीतून धान्य वरून सोडायचं, भूस वाऱ्याबरोबर उडून लांब पडतं. ते खळ्यावरच राहतं, नाहीतर जनावरांच्या दावणीला जातं. मग मोठ्या चाळणीनं काड, मातीची ढेकळं, न मळलेली बोंडं काढायची. मग बारीक चाळण, तीतून गवताचं बारीक बी आणि पिचके दाणे खाली पडतात. मग घरी सुपात घेऊन पाखडायचं. शेवटी दाण्याएवढेच खडे आणि दाण्याएवढंच बी हातानं निवडायचं, कारण ते कुठल्याच चाळणीनं निघत नाही. सुपाच्या टोकाला जमलेलं आणि निवडून बाजूला सारलेलं कुठे जातं? "चुलीत. नाहीतर कोंबड्यास्नी."

म्हणजे चुलीच्या राखेत मिळतं ते बहुतेक या शेवटच्या पायऱ्यांचं टाकाऊ. एखाद्या वस्तीच्या राखेत बारीक तणाचं बी खूप दिसलं, तर धान्य खळ्यावर पुरतं साफ न करताच घरात साठवलं जात होतं आणि रोज लागेल तसं घरातली बाई साफ करत होती, असं म्हणता येतं. उलट राख जवळपास तणविरहित असली, तर सुगीला बरेच हात एकत्र येऊन खळ्यावरच सगळं उरकत असावेत. तिळाएवढ्या बियांवरून सुगीत किती माणसं राबत होती इथवर जाता येतं, याचं मला अजून नवल वाटतं. तणांवरून आणखीही कळतं. लव्हाळ्याचं बी सापडलं तर शेतात पाणी साचत होतं. जमिनीलगत पसरणाऱ्या तणाचं बी धान्यात मिसळलं असेल तर पीक बुडातून कापत होते. नसेल तर वरवरची कणसं खुडत होते.

माझ्या गाळलेल्या राखेत गवताचं एवढं बी कुठून आलं? ज्वारी तर गेल्या वर्षी यंत्रानं मळली होती. आत्यानं उत्तर देण्याआधी अंगणाच्या कडेला रचलेल्या उडव्याकडे हात केला. गोवऱ्या. गाय बांधावरचं गवत खाते, बी पचत नाही, शेणातून येतं, शेणात भुसकट मिसळून गोवरी थापतात आणि ती चुलीत जाते. अमेरिकी पुरावनस्पतीशास्त्रज्ञ नाओमी मिलर यांनी १९८०च्या दशकात इराणमधल्या उत्खननाच्या अनुभवावरून नेमकं हेच मांडलं तेव्हा बऱ्याच जणांना आपले जुने निष्कर्ष पुन्हा उलगडून पाहावे लागले. माणसाचं जेवण म्हणून नोंदवलेलं धान्य जनावराच्या पोटातून आलेलं असू शकत होतं. ज्या देशांत चुलीत लाकूडच जळतं, तिथल्या अभ्यासकांना हे सुचायला वेळ लागला यात नवल नाही. आपल्या लोकांना आधी सुचायला हवं होतं, असं मात्र मला राहून राहून वाटतं.

एक फजिती काळ्या मातीची. उन्हाळ्यात तिला हात-हातभर खोल भेगा पडतात आणि आजचा दाणा त्यातून थेट प्राचीन थरात जाऊन पडतो. उंदीर-घुशी आपापल्या परीनं भर घालतात. म्हणून हल्ली एखाद्या पिकाचा "सर्वांत जुना" दाणा मिळाला की आजूबाजूच्या कोळशावर न विसंबता त्या एका दाण्याचीच कार्बन-तपासणी करतात. त्याला काही मिलिग्रॅम ऐवज पुरतो. तपासणीत दाणा नष्ट होतो. वय कळतं आणि वस्तू जाते.

*

आता आभाळाकडे. इनामगावची जी गोष्ट बहुतेकांनी ऐकली आहे ती अशी. पूर्व जोर्वे काळात गाव भरभराटीला आलं. चौकोनी प्रशस्त घरं, पाच खोल्यांचं एक मोठं घर, त्याच्याजवळ धान्याचं कोठार, नदीचं पाणी वळवणारा बांध आणि पाट. त्यावरून प्रमुख, त्याच्याकडे जमा होणारं धान्य, तंट्याबखेड्यात त्याचा शब्द, असं चित्र ढवळीकरांनी उभं केलं. मग इ.स.पू. १०००च्या सुमाराला पाऊसमान खालावलं. गहू ओसरला, शिकार आणि रानमेवा वाढला, शेळ्यामेंढ्या वाढल्या, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, आणि तीनेक शतकांत गाव उठलं.

गोष्ट प्रभावी आहे. १९७२चा दुष्काळ या उत्खननाच्या ऐन मध्यात पडला होता हेही मला विसरता येत नाही. खोदकामावर आलेले मजूर आणि नोंदी करणारे अभ्यासक, दोघांनीही तो पाहिला होता. तो काळ डोळ्यांसमोर असताना गोल झोपड्यांमध्ये दुष्काळ दिसणं साहजिक होतं. हा माझा अंदाज आहे. अहवालात असं कुणी लिहिलेलं नाही.

पण दाण्यापासून आभाळापर्यंत जायला चूल, खळं, शेत, मग पाऊस एवढे टप्पे पार करावे लागतात आणि प्रत्येक टप्प्यावर माणूस उभा असतो. गहू कमी झाला तो पाऊस कमी झाल्यामुळे, की पाट गाळानं भरला आणि तो काढायला लोकांना जमवू शकणारा कुणी उरला नाही म्हणून? रानटी बी वाढलं ते लोक रानावर जगू लागले म्हणून, की लाकूड संपत आलं आणि चुलीत गोवरी जास्त जळू लागली म्हणून? राखेत दोन्हीची खूण सारखीच दिसेल.

म्हणून बाहेरची साक्ष काढावी लागते. गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळातून काढलेल्या गाळाचा अभ्यास २०१२ साली आला. त्यात सुमारे ४००० ते १७०० वर्षांपूर्वीच्या काळात मध्य भारतात कोरड्या हवेची झाडी हळूहळू वाढत गेलेली दिसते. ढवळीकरांच्या म्हणण्याला हे वरवर पोषक आहे, पण तो उतार शतकानुशतकांचा आहे, इ.स.पू. १०००ला कोसळलेला कडा नव्हे. लोणारच्या सरोवराचा गाळही तपासला गेला; २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दीर्घ अवर्षणाचे दोन काळ ठळक निघाले, ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. इनामगावचा उत्तर जोर्वे काळ या दोन्हींत बसत नाही. दरम्यान ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगावच्या त्या रांजणांतल्या मुलांच्या हाडांचा अभ्यास केला. २०११च्या त्यांच्या पुस्तकात उत्तर जोर्वे काळातल्या मुलांची वाढ खुंटल्याच्या खुणा आहेत. सगळं खापर हवामानावर फोडायला मात्र त्या तयार नाहीत.

मुलं उपाशी होती, एवढं हाडं सांगतात. पाऊस पडला नाही म्हणून, की पडूनही धान्य त्यांच्यापर्यंत पोहोचलं नाही म्हणून, हे हाडांना माहीत नसतं. अवर्षण आणि दुष्काळ हे आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत आणि ते उगीच वेगळे नाहीत. मला विचाराल तर इनामगावच्या शेवटाची अवर्षणाची गोष्ट मी आता पूर्वीइतक्या ठासून सांगणार नाही. काजळे यांनी मोजलेले दाणे मात्र कुठेही गेलेले नाहीत. गोष्ट बदलली तरी ते तसेच आहेत, आणि उद्या कुणी नव्या प्रश्नासह आलं तर पुन्हा भिंगाखाली जातील.

*

दुसऱ्या दिवशी मला उरलेला ऐवज नीट मोजायचा होता. गवताच्या बियांचे प्रकार वेगळे करायचे, आत्याकडून नावं लिहून घ्यायची, वहीत रकाने आखून ठेवले होते. सकाळी उठून पडवीत आले तर वर्तमानपत्र नव्हतं. फळीवर नाही, कणगीमागे नाही.

परसात चूल पेटली होती, वर पाण्याचं पातेलं चढलेलं.

"आत्या, इथला पेपर?"

"पेटवायला घेतला की. कचराच व्हता त्यात."

ज्वारीचे सहा दाणे मी रात्रीच गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवले होते, ते वाचले. बाकीचं मी वाकून चुलीत पाहिलं. कागद केव्हाच जळून गेला होता. बियांचं काय झालं ते निखाऱ्यांखाली दिसत नव्हतं.

"आंघोळीला पाणी काढू का?" आत्यानं विचारलं.